शिंगराचे पहिले चोवीस तास

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी जनावरांची चाल, रंग आणि भोवरे पारखून सौदे होतात. घेणाऱ्यांत पिढीजात घोडेवाले असतात, तसेच हौसेने पहिल्यांदाच घोडी पाळणारेही असतात. गाभण घोडी मिळाली की एका सौद्यात दोन जनावरे घरी आल्याचा आनंद होतो. पण अकरा महिन्यांचे दिवस भरून घोडी विते ती बहुधा रात्री. त्या वेळी नव्या मालकाच्या गाठीशी अनुभव नसतो आणि हाताशी डॉक्टरही नसतो. शिंगरू जगणार की नाही, हे मात्र पुष्कळदा त्याच रात्री ठरते आणि ते त्याच्या पोटावरून ठरते.

याचे कारण शरीररचनेत आहे. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे गर्भात असतानाच वारेतून मिळतात. घोडीची वार अनेक थरांची असल्याने त्यातून ती पार होत नाहीत. शिंगरू जवळजवळ कोणत्याही संरक्षणाशिवाय जन्माला येते. त्याची सगळी शिदोरी घोडीच्या पहिल्या घट्ट, पिवळसर दुधात, म्हणजे चिकात असते. ही प्रतिपिंडे आतड्यातून थेट रक्तात शिरू शकतात, पण ती वाट फार थोडा वेळ उघडी असते. पहिल्या सहा-आठ तासांत शोषण सर्वांत चांगले होते आणि चोवीस तासांत ते जवळपास थांबते. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोटात जातो, पण रक्तात पोहोचत नाही. गायीच्या चिकाचा खरवस आवडीने खाल्ला जातो. घोडीच्या चिकाचा थेंबन् थेंब मात्र शिंगराचाच.

म्हणून पशुवैद्य एक-दोन-तीनचा सोपा हिशेब सांगतात. शिंगराने एका तासात उभे राहावे, दोन तासांत दूध ओढावे आणि घोडीची वार तीन तासांत पडावी. यातले काहीही चुकले तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. विण्याआधीच घोडीच्या सडांतून दूध गळत असेल, तर चीक वाया गेलेला असू शकतो, हेही त्यांना सांगावे. शिंगरू १२ ते २४ तासांचे असताना रक्त तपासून प्रतिपिंडे पुरेशी आहेत का ते कळते. ती डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर असणे समाधानकारक मानतात. कमी पडली तर शिरेतून प्लाझ्मा देता येतो. पण त्यासाठी कमतरता वेळेत कळायला हवी.

पहिल्या दिवसाची दुसरी खूण म्हणजे काळी, चिकट पहिली लीद. ती २४ तासांत पडायला हवी. शिंगरू शेपटी वर करून सारखे कुंथत असेल, लोळत असेल किंवा दूध सोडत असेल, तर लीद अडकलेली असू शकते. एरंडेल किंवा बोट घालण्याचे घरगुती प्रयोग येथे करू नयेत. आतड्याचे अस्तर नाजूक असते आणि एनिमा देणे जाणकाराचे काम आहे.

पुढे पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान बहुतेक शिंगरांना पातळ होते. याच सुमारास घोडी पुन्हा माजावर येते, म्हणून तिचे दूध बिघडले असा समज आहे. खरे तर शिंगराच्या आतड्यात नवे जिवाणू वस्तीला येत असतात आणि आतडे त्यांच्याशी जुळवून घेत असते. शिंगरू आईची लीद चघळते, तेही त्याचसाठी. त्यात किळस वाटण्यासारखे काही नाही. शिंगरू उड्या मारत आणि दूध पीत असेल, तर शेपटीखालचा भाग स्वच्छ ठेवणे एवढेच पुरते. पण ते मलूल झाले, अंग तापले, पाय गार पडले, लीद दुर्गंधी किंवा रक्तमिश्रित झाली, तर तो जंतुसंसर्ग किंवा रोटाव्हायरस असू शकतो. लहान जिवाचे पाणी काही तासांत आटते.

आजाराची सर्वांत आधीची खूण घोडीकडे दिसते. तिची कास दुधाने तटतटलेली असेल आणि शिंगराच्या कपाळावर दुधाचे ओघळ वाळलेले असतील, तर ते सडापाशी जाते पण ओढत नाही, असे समजावे. पस्तीस किलोंच्या शिंगराला दिवसाला सुमारे सात लिटर दूध लागते, आणि तेही तासातून अनेकदा, थोडे थोडे. अशा वेळी बाटलीने दूध घशात ओतणे घातक ठरते. ते फुप्फुसात उतरते. दुधात साखर किंवा गूळ घालू नये. कोवळ्या शिंगराला ही साखर पचत नाही आणि जुलाब वाढतात. घरातल्या माणसांच्या जुलाबबंद गोळ्या आणि उरलेली प्रतिजैविके यांना तर तबेल्यात जागाच नसावी. जुलाब झालेल्या शिंगराला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. साल्मोनेलासारखे जंतू माणसालाही लागतात आणि घरातली लहान मुले शिंगरापासून लांब राहत नाहीत.

यातले काहीच महाग नाही. विण्यापूर्वी महिनाभर आधी घोडीचे लसीकरण, डॉक्टरांच्या सल्ल्याने जंतनाशक, कोरडा स्वच्छ पेंढा, नाळेला जंतुनाशक आणि रात्री जागणारा एक माणूस, एवढीच ही तयारी आहे. मात्र ती माहीत असायला हवी. बाजारात घोडीच्या भोवऱ्यांची चर्चा तासभर होते. तिला शेवटची लस कधी दिली, हे क्वचितच विचारले जाते. गाभण घोडी विकणाऱ्याने लसीकरणाची आणि घोडी दाखवल्याची तारीख लेखी द्यावी. यात्रा समिती आणि पशुसंवर्धन विभागाने पहिल्या चोवीस तासांची माहिती देणारा एक मराठी कागद प्रत्येक सौद्यासोबत हातात ठेवावा आणि त्यावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक ठळक छापावा. रात्री दोन वाजता कंदिलाच्या उजेडात गोंधळलेल्या मालकाला तोच कागद उपयोगी पडेल.