दुकानाच्या नावाचा कुकर घेताना

भगिनींनो, तुरीचं वरण रोज शिजवायचं, तर कुकर खात्रीचा हवा. यवतमाळला घ्या की पुसदला, दुकानाच्याच नावाचा कुकर स्वस्त आहे म्हणून वाईट नसतो. पण नुसत्या नावावर जाऊ नका. आयएसआयची खूण, तिच्यावर ‘आयएस २३४७’ आणि खाली ‘सीएम/एल’ परवाना क्रमांक पाहा. १ फेब्रुवारी २०२१ पासून ही खूण सक्तीची आहे. क्रमांक खरा की खोटा, ते मोबाइलमधल्या ‘बीआयएस केअर’वर कळतं. झाकण दोनचारदा लावून बघा. शिट्टी तुंबली तर सेफ्टी व्हॉल्व्हच वाफ सोडतो. तो आणि रिंग गावातच मिळेल ना, हे विचारा. पक्कं बिल घ्याच. शंभर-दोनशे वाचवायच्या नादात जिवाशी खेळ नको, बरं का!