कार्डावरची तारीख आणि कायद्याची मुदत

वॉशिंग मशिनला तेरावा महिना लागतो आणि त्याचा पीसीबी जळतो. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं असतं: ‘वॉरंटी संपली, आता खर्च तुमचा.’ बारामतीतली सोसायटी असो की इंदापूर तालुक्यातली वस्ती, हे ऐकून बहुतेक घरांत वाद मिटतो. दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस दुकानात जातो आणि जुनं मशिन एक्स्चेंजमध्ये देऊन नव्याचा हप्ता बांधून घेतो.

वाद तिथे मिटायला नको. वॉरंटी हे कंपनीनं स्वतः दिलेलं वचन आहे. कायद्याची जबाबदारी त्याहून वेगळी. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘दोष’ ठरतो तो कायद्यानं, करारानं किंवा विक्रेत्याच्या दाव्यानं अपेक्षित असलेल्या दर्जात उणीव असली तर. तो करार लेखी असावा असंही नाही. अभिप्रेत करारही चालतो. तक्रारीला मुदत आहे कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

म्हणून वॉरंटीनंतरचा प्रत्येक बिघाड कंपनीच्या माथी मारता येतो असं मात्र नाही. पाच वर्षं वापरलेल्या मिक्सरचा कपलर झिजला तर ती झीजच. दोष मूळचा होता हे ग्राहकाला दाखवावं लागतं, आणि इथेच बहुतेकांची बाजू लंगडी पडते. वॉरंटीत असताना तोच बिघाड दोनदा झाला असेल, तर त्या वेळच्या जॉबशीट हाच सगळ्यात भक्कम पुरावा. पण मेकॅनिक येतो, काहीतरी करून जातो, कागद कुणी मागत नाही. तक्रार फोनवर केली तरी तिचा क्रमांक जपावा, बिघाडाचं कारण लेखी मागावं. गरज पडल्यास ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवू शकतो.

या भागात आणखी दोन उत्तरं हमखास ऐकू येतात: ‘व्होल्टेज वर-खाली झालं’ आणि ‘बोअरचं पाणी क्षाराचं आहे’. दोन्ही कारणं खरी असू शकतात; गीझरच्या कॉइलवर थर चढतोच. पण ती तपासणीअंती लिहून दिलेली हवीत, दारात उभं राहून सांगितलेली नकोत. फ्रिजवरच्या ‘कॉम्प्रेसरला दहा वर्षं’ या स्टिकरखालचा बारीक मजकूरही विकत घेतानाच वाचावा. अनेकदा त्यात फक्त तो सुटा भाग मोफत असतो. गॅस, मजुरी आणि व्हिजिट चार्ज ग्राहकाच्या खिशातून जातात.

पुण्यातल्या जिल्हा आयोगापर्यंत बारामतीहून शंभरेक किलोमीटर. फ्रिजसाठी एवढ्या खेपा कोण घालणार? आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे भागलं नाही तर १ जानेवारी २०२५ ला सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि व्हिडिओ सुनावणीही मागता येते. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हेही धरून चालावं.

खरी पोकळी सुट्या भागांची आहे. ग्राहक जिंकला तरी पीसीबीच मिळत नसेल तर मशिन भंगारातच जाणार. युरोपीय संघानं मार्च २०२१ पासून वॉशिंग मशिनचे ठरावीक सुटे भाग दहा वर्षं आणि फ्रिजचे किमान सात वर्षं उपलब्ध ठेवणं उत्पादकांवर बंधनकारक केलं. भारतात केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केलं, २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकावरच्या समितीचा अहवालही आला. पोर्टलवर कंपन्या माहिती देतात. भाग किती वर्षं मिळतील याची सक्ती त्यातून होत नाही. विजेच्या बचतीचे तारे आज फ्रिजच्या दारावर छापावे लागतात. त्याच स्टिकरवर सुटे भाग कोणत्या सालापर्यंत मिळतील ते छापण्याची सक्ती केंद्रानं करावी. तोवर दिवाळीच्या खरेदीत इंदापूर-बारामतीच्या ग्राहकानं ते साल दुकानदाराकडून पक्क्या बिलावरच लिहून मागावं.