हरवले-सापडलेचा माईक

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत, दुपारी, कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर शेजारच्याशी बोलायची सोय नसते. गावोगावच्या उंच सासनकाठ्या नाचत असतात, हलगी आणि पिपाणी एकमेकींवर कुरघोडी करत असतात, गुलाल नाकातोंडात जातो आणि मिनिटा-मिनिटाला कुठून तरी उठलेलं ‘चांगभलं’ सगळ्या आवारावरून फिरून जातं. या गदारोळात एकाच आवाजासाठी माणसं थबकतात, मान वळवतात. तो म्हणजे सूचना देणारा कर्णा. कुणाची आजी चुकलीय, कुणाचं पोरगं सापडलंय, कुणाची पिशवी पायरीवर राहिलीय.

यंदा मी त्या मांडवाशेजारी तास-दीड तास उभा होतो. माईकवरचा गृहस्थ पन्नाशीचा, आवाज घोगरा, त्यात सकाळपासून बोलून बसलेला. आपल्या रेडिओवाल्यांपैकी कुणीही त्याला स्वरचाचणीत पहिल्या मिनिटाला बाद केलं असतं. पण त्याची एकही सूचना वाया जात नव्हती. आधी गाव, मग नाव, मग अंगावर काय आहे, मग कुठं यायचं. हे सगळं दोनदा, दुसऱ्यांदा जरा सावकाश. सीमेपलीकडची माणसं असली की तेच कानडीत. तेवढ्यात एका पोलिसानं चार-पाच वर्षांची मुलगी आणून उभी केली. तिला गाव सांगता येईना, आडनाव सांगता येईना, रडू मात्र भरपूर. माईकवाल्यानं माईक बंद केला, खाली बसला आणि विचारलं, ‘‘तुमच्या काठीला कापड कुठल्या रंगाचं हाय, बाळ?’’ पोरीला रंग ठाऊक होता. त्यानं मग गावाऐवजी काठीचा रंग पुकारला. दहा मिनिटांत बाप धावत आला.

रेडिओत शिकवायचं ते सगळं मला त्या एका प्रश्नात दिसलं. ऐकणारा कुठं उभा आहे, त्याच्या डोळ्यांसमोर काय आहे आणि गर्दीतून त्याला कोणती खूण ओळखू येईल, याचा विचार करून तो माणूस बोलत होता. आवाजाचा विचार त्याच्या गावीही नव्हता.

डोंगर उतरून फोन पाहिला तर नेहमीचे निरोप. परीक्षा संपल्या की हा हंगाम सुरू होतो आणि मेअखेरपर्यंत चालतो. मजकूर थोड्याफार फरकानं एकच: ‘रेडिओत यायचंय. माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात. कुठं अर्ज करू?’ या मुलांना मी हसत नाही. ही समजूत त्यांच्या डोक्यात आपणच भरली आहे. महाविद्यालयात व्याख्यानाला बोलावलं की आपण श्वास, उच्चार, चढउतार यांवर तासभर बोलतो आणि शेवटी भारदस्त आवाजात एखादी उद्घोषणा करून टाळ्या घेतो. मुलं घरी जाऊन आरशासमोर तीच उद्घोषणा घोकतात. ऐकायला कोण आहे, हा प्रश्न त्यांच्या वाटेला येतच नाही.

खरं तर आपल्या भागातला रेडिओ उभा राहिला तो वेगळ्याच माणसांवर. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं. मध्यम लहरीवरचं ते १२५१ किलोहर्ट्झ आजही कित्येक घरांतल्या जुन्या संचाचा काटा गंजून चिकटलेली जागा आहे. स्थानिक केंद्रांची कल्पना देशात १९८४ मध्ये नागरकोविलपासून सुरू झाली आणि पुढं तिच्यातूनच कोल्हापूरचं १०२.७ आलं. अशा केंद्रांच्या माईकपुढं शिक्षक आले, शेतीखात्यातली माणसं आली, भजनी मंडळं आली, नाटकवेडे कारकून आले. त्यांना येताना एखादा विषय ठाऊक होता किंवा एखादं गाव ठाऊक होतं. माईक कसा धरायचा ते नंतर कळलं.

तरुणांसाठी दार होतं ते ‘युववाणी’चं. दिल्लीत १९६९ साली सुरू झालेला हा कार्यक्रम केंद्राकेंद्रांवर पोचला. वयाची अट १५ ते ३०. माझ्या पिढीतल्या अनेकांच्या आयुष्यातला पहिला चेक युववाणीचा. रक्कम सांगण्यासारखी नव्हती, पण सोबत करारपत्र यायचं आणि त्यावर ध्वनिमुद्रणाची तारीख-वेळ छापलेली असायची. आपल्या बोलण्यासाठी कुणीतरी स्टुडिओ राखून ठेवलाय, पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं, सहावं मिनिट दुसऱ्याचं आहे, हे त्या कागदानं शिकवलं. वेळेचं हेच बंधन मोठ्या कामांनाही होतं. ‘गीतरामायण’ पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर चाललं, ५६ गाणी झाली. गदिमा आणि आपल्या कोल्हापूरचे सुधीर फडके यांच्या प्रतिभेबद्दल आपण भरभरून बोलतो. पण दर आठवड्याला नवं गाणं लिहून, चाल लावून, बसवून ठरल्या वेळी हवेत सोडायचं, ही त्यातली रेडिओची बाजू कुणी सांगत नाही. नव्या माणसाला आधी तीच सांगायला हवी.

आज दारं किती आणि कशी आहेत, हेही त्याला सरळ सांगून टाकावं. आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक व्हायचं तर लेखी परीक्षा, मग आवाजाची चाचणी, निवड झाल्यावर ‘वाणी’चं प्रशिक्षण, मग पॅनेलवर नाव. त्यानंतरही महिन्याला सहाच्या आसपास ड्यूट्या. त्यावर घर चालत नाही. हे आपण चाचणीच्या आधी सांगत नाही, पोरगं दुसऱ्या वर्षी स्वतः शोधून काढतं. खासगी एफएमवर, मग ते टोमॅटो असो की मिर्ची, आरजे म्हणून थेट घेतलेली माणसं मोजकीच. बाकीचे आत येतात ते जाहिरातीची संहिता लिहिणारे, निर्मात्याच्या हाताखालचे, नाहीतर जाहिराती विकणारे म्हणून. यात कमीपणा नाही. वीस सेकंदांत सायकलच्या दुकानाचा पत्ता ऐकणाऱ्याच्या लक्षात राहील असं लिहिता आलं, तर त्या मुलाला पुढं काहीही लिहिता येतं. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, म्हणून ‘आमच्याकडं करण्यासारखं काही नाही’ ही तक्रार मात्र मला पटत नाही. वाहतूक, हवामान, सण-उत्सव, परीक्षा, पाणी-वीज यांची माहिती बातमीत धरली जात नाही. यात्रेच्या दिवशी घाटात एसटी कुठं अडकलीय हे सांगायला कुणाचीच बंदी नाही. त्यासाठी घाटात एक माणूस उभा हवा, एवढंच.

सामुदायिक रेडिओकडं आपल्यातले बरेच जण अजून हौशी मंडळींचा खेळ म्हणून पाहतात. शंभर वॅटचा क्षेपक, दहा-बारा किलोमीटरचा टापू, त्याची काय मिजास, असा सूर असतो. २००६ च्या धोरणानं संस्था-संघटनांना ही मुभा मिळाली. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून बोलते आहे, जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे. मला विचाराल तर विशीतल्या माणसानं पहिले सहा महिने अशाच ठिकाणी काढावेत. तिथं निवेदक, ध्वनिमुद्रक, संपादक आणि केंद्राला कुलूप लावणारा असे वेगवेगळे चार जण नसतात. कार्यक्रम फसला तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर माणसं तोंडावर सांगतात. श्रोतासंशोधनाचे पैसे वाचतात.

आता स्वतःची एक गोष्ट. विद्यार्थीदशेत मी एका केंद्रावर दोन महिने अनुभवासाठी गेलो होतो. केंद्राचं नाव सांगायची गरज नाही. मला टेप लायब्ररीतली धूळ झटकायला आणि स्पूलच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. स्टुडिओचा लाल दिवा मी बाहेरूनच पाहिला. याचा राग मी अनेक वर्षं बाळगला. पुढं माझ्या हाताखाली एक मुलगा आला तेव्हा मी त्याला काय दिलं? कपाट. जुन्या सीडींची यादी कर म्हणालो आणि विसरून गेलो. महिन्यानं तो यायचा बंद झाला, तेही मला आठवड्यानं कळलं. तो आता विमा विकतो. परवा भेटला, अजून छान बोलतो. आज कपाटाऐवजी मोबाईल हातात देतात आणि निवेदकाचं रील काढायला लावतात, एवढाच फरक.

म्हणून माझं म्हणणं असं की अनुभवासाठी आलेल्या मुलाला-मुलीला पहिल्या दिवशी खोलीत बसवूच नका. एक साधा रेडिओ देऊन बाहेर पाठवा आणि आपल्या केंद्राचा आवाज कुठं मरतो ते पायी शोधून यायला सांगा. एफएमच्या लहरी नजरेच्या रेषेत जातात, डोंगर आडवा आला की सावली पडते. जोतिबाच्या एका उतारावर खणखणीत ऐकू येणारं केंद्र वळण घेतल्यावर खरखरू शकतं. अभियंत्यांच्या नकाशावर हे असतंच. पण त्या खरखरीत राहणाऱ्या वस्तीत उभं राहून मुलगी जेव्हा विचारते, ‘काकू, तुम्ही काय ऐकता?’, तेव्हा तिला पहिल्यांदा श्रोता भेटलेला असतो.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डर द्या. यंदा डोंगरावर कॉलेजातली एक मुलगी भेटली, हातात उधार आणलेला रेकॉर्डर. हलगीच्या दोन फुटांवर उभी राहून ती मुद्रण करत होती आणि आवाज फाटतोय म्हणून रडकुंडीला आली होती. तिला एवढंच सांगितलं: पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव, मागं सरक, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला घेऊन भिंतीच्या आडोशाला जा. माईक त्याच्या तोंडापासून वीतभर. माईकला फोम, रेकॉर्डरला प्लास्टिकची पिशवी, कारण गुलाल एकदा बटणांत शिरला की कुठल्याच दुरुस्तीवाल्याच्या बापाला निघत नाही. आणि निघताना नुसत्या जागेचा आवाज मिनिटभर घे, कुणाशीही न बोलता. हे मिनिट सगळे विसरतात आणि संपादनाला बसल्यावर त्याच्यावाचून अडतं. तिनं घेतलं की नाही ठाऊक नाही. मी होतो तोवर ती आडोशाला गेली होती खरी, एका काठीवाल्याला घेऊन. दोर ओढून काठीचा तोल सांभाळणारा तो गडी. तो म्हणत होता, काठीकडं बघायचं नाही, समोरच्या दोरवाल्याच्या डोळ्याकडं बघायचं. असं वाक्य स्टुडिओत बसून कुणाला सुचेल?

त्या डोंगरावर कार्यक्रम किती पडलेत, बघा. मानाची पहिली काठी साताऱ्याकडच्या निनाम पाडळीची. ती माणसं घरून कधी निघतात, वाटेत कुठं मुक्काम करतात, काठी रात्री कुठं टेकवतात? पालखी यमाईकडं जाते तेव्हा मागं रिकाम्या आवारात कोण काय आवरतं? गायमुखाच्या अन्नछत्रात पहाटे चूल पेटते तेव्हाचा आवाज कसा असतो? दवणा विकणारी बाई उरलेल्या दिवसांत काय विकते? मुलानं दोन तासांचं मुद्रण आणावं आणि त्याची चार मिनिटं करून द्यावीत. पहिल्या खेपेला त्यात स्वतःचा आवाज अजिबात नको. ही अट ऐकून निम्मी मुलं नाराज होतात. उरलेल्या निम्म्यांकडं नीट लक्ष ठेवा.

ही चार मिनिटं प्रसारित करण्याजोगी झाली तर करा, मुलाचं नाव घ्या आणि मानधन द्या. ‘अनुभव मिळतोय की’ हे वाक्य आपण फार स्वस्तात वापरतो. हवेत गेलेल्या कामाचे पैसे होतात. पंचवीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला आपण फुकट बोलायला सांगत नाही, मग विशीतल्याला का? जमलं नाही तर त्याला बसवून, कुठं जमलं नाही ते ऐकवा. तेवढा अर्धा तास आपल्याकडं नसेल तर त्याला घेऊच नये.

मुलांना नोकऱ्या कुठं मिळणार, असं काही सहकारी विचारतील. रेडिओत थोड्यांना, हे मी लपवणार नाही. पण ऐकणाऱ्याला धरून बोलता येणाऱ्या माणसाला आपल्या भागात काम मिळतं. कुस्तीच्या मैदानात शंकर पुजारींसारख्या निवेदकाला ऐका. फडात दोन पैलवान धूळ उडवत असतात आणि मागच्या रांगेतल्याला डाव दिसतो तो निवेदकाच्या तोंडून. बोलती पुस्तकं आहेत, पॉडकास्ट आहेत, जाहिरातींना आवाज देणं आहे, आणि यात्रेतले मांडव तर आहेतच. त्या घोगऱ्या माणसाची जागा चालवायला डोंगरावर पुढच्या वर्षी कोण असेल, हा मला खरोखरच पडलेला प्रश्न आहे.

चैत्र गेला. पुढची संधी माघात, खेट्यांच्या रविवारी. कोल्हापूरची माणसं पाच रविवार अनवाणी डोंगर चढतात, पहाटेच्या अंधारात, आणि तेव्हा गर्दी यात्रेइतकी नसते. शिकाऊ हातांना ती बरी. रविवारी आपली कार्यालयं बंद असतात आणि रेकॉर्डर कपाटात असतो. त्या कपाटाची किल्ली कुणाकडं आहे, ते आत्ताच विचारून ठेवा.