डाऊन करून मिळालेली सीट

गणपतीला आलेली भाची पुण्याला परत जाताना माझ्या हातात एक वही ठेवून गेली. प्रत्येक पानावर तीन रेघा. रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, त्यानं म्हणे मन शांत राहतं. ‘मावशी, तू फार कुरकुरतेस,’ असं ती म्हणाली नाही, पण वहीचा अर्थ तोच होता.

पहिल्या रात्री लिहिलं, बसायला मिळालं. दुसऱ्या रात्री, खिडकी मिळाली. तिसऱ्या रात्री पुन्हा, बसायला मिळालं. अंबरनाथहून रोज मुंबई गाठणाऱ्या बाईच्या सुखाची मजल एवढीच. ज्यांना हसू येत असेल त्यांनी सकाळी आठला कल्याणला लेडीज डब्यात चढून दाखवावं, मग बोलू.

पण गोष्ट कागदावर आली की तिची चौकशी सुरू होते. ही सीट मला मिळते कशी? तर मी डाऊन करते. अंबरनाथला मुंबईच्या गाडीची वाट न बघता आधी उलटी बदलापूरला जाते. तिथं गाडी रिकामी होते, मी मात्र उतरत नाही, आणि तीच गाडी मला घेऊन मुंबईकडे निघते. पास बदलापूरपासूनचा काढलाय, हे आधीच सांगून टाकते. बदलापूरच्या बायका जीव मुठीत धरून आत शिरतात, तर आम्ही अंबरनाथ-उल्हासनगरच्या खिडक्या अडवून बसलेल्या. “गाडी आमच्या गावची आणि बसणार या!” हे वाक्य महिन्यातून पाचदा तरी कानावर येतं. तेव्हा मी खिडकीबाहेर बघते. बाहेर बघण्यासारखं काही नसतं.

म्हणजे माझ्या वहीतली पहिली ओळ बदलापूरच्या कुणा बाईच्या नावावर हवी होती. ती ठाण्यापर्यंत उभी, म्हणून माझं मन शांत.

मग जरा निर्धोक सुख शोधलं. कोकी. आमच्या ग्रुपमधली सिंधी मैत्रीण उल्हासनगरला चढते आणि माझ्या शेजारी चौथ्या सीटवर टेकते. चौथी सीट म्हणजे तिघींच्या बाकावर चौथीला दिलेली वीतभर जागा. थोडं अंग बाकावर, बाकीचं आशेवर. तिच्या डब्यात कांदा, मिरची, कोथिंबीर घालून खरपूस भाजलेली जाड कोकी असते. दोन दिवस टिकते, पण डब्यात कल्याणच्या पुढे टिकत नाही. हिची आजी फाळणीत सिंध सोडून निघाली ती कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडली. 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं, तरी गावात पत्ता अजून कॅम्प नंबर चार, कॅम्प नंबर पाच असाच सांगतात. आजी तर शेवटपर्यंत बॅरेकचा नंबर सांगायची. सिंधीत आभाराला ‘महरबानी’ म्हणतात हे कळल्यावर मी एकदा कोकीचा घास घेत तसं म्हणून पाहिलं. ती म्हणाली, “महरबानी कसली? तू मला टेकू देतेस ना.” तिथला हिशेब तिथंच मिटला.

पाण्याचा मिटत नाही. बारवी भरल्याची बातमी आली त्या रात्री मी आनंदानं तिसरी रेघ भरली. एमआयडीसीनं बांधलेलं, 1972 सालचं हे धरण. उल्हासनगर, अंबरनाथपासून पार मीरा-भाईंदरपर्यंतचे नळ त्याच्याकडे डोळे लावून असतात. पुढे धरणाची उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, काचकोली, मोहघर अशा गावांवर पाणी आलं. त्या गावांतल्या बाधित कुटुंबांतल्या एकेकाला, हे पाणी पिणाऱ्या पालिकांमध्ये नोकरी द्यायचं ठरलं आणि अनेकांना ती मिळालीही. पालिकेत घरपट्टी भरायला गेले की पावती देणारा मुलगा त्यांच्यापैकीच एक असू शकतो. त्याच्या घराच्या जोत्यावर साठलेलं पाणी मी पिणार, आणि वर त्यालाच विचारणार, सुट्टे नाहीत का? ‘बारवी भरलं’ ही ओळ मी खोडली नाही, पण तिच्यापुढे काढलेला हसरा चेहरा मात्र खोडला.

भाचीला फोन केला. म्हटलं, तुझ्या वहीनं मन शांत होत नाही गं. ती म्हणाली, “मावशी, तू फार विचार करतेस. नुसतं लिही.”

हे नुसतं लिहिणंच मला जमत नाही. आपल्या ताटाकडे बघून खूश व्हायचं, वाढलं कुणी ते विचारायचं नाही, अशी काहीतरी त्या वहीची शिस्त आहे. रेघा तीनच, विचारायला जागाही नाही. आणि कुरकुर तर मी सोडणार नाहीच. गाड्या वाढवा म्हणून अर्जावर सह्या गोळा करणाऱ्या बायकाच आमच्याकडे गाडीला हार घालण्यात पुढे असतात.

हार खंडेनवमीला. दसऱ्याची सुट्टी, म्हणून डब्याची पूजा आदल्या दिवशी. दांड्यांना झेंडूच्या माळा, दाराला आंब्याचे टाळे, मोटरमनला हार आणि नारळ. वर्षभर जिला शिव्या घातल्या त्या लोकलला त्या दिवशी हळदकुंकू. यंदा माळा माझ्याकडे होत्या, त्यामुळे डाऊन करायला सबळ कारण होतं.

बदलापूरला बायका शिरल्या. ‘गाडी आमच्या गावची’वाल्या बाईही नव्या साडीत, हातात पेढ्यांचा पुडा. मी उठले, म्हटलं, “बसा.”

त्यांनी मला नीट न्याहाळलं. “का? बरं नाही का?”

“बरी आहे. बसा तुम्ही.”

बसल्या. आरती व्हायची होती, तरी पुडा सोडून पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. “आज घ्या. परवा डाऊन करून आलात तर मी भांडणार.”

“मी येणारच,” मी म्हटलं.

त्या काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात अंबरनाथ आलं, आणि तोंड उघडायलाही जागा उरली नाही.