केलेले काम लपवू नका, त्याचा कागद मागा!

"पूर्वी कुठे काम केले आहे?" नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न चुकत नाही. आणि आपल्या वस्तीतील मुलांचे उत्तरही ठरलेले असते, "कुठे नाही सर, फ्रेशर आहे." हे उत्तर खरे नसते. बारावीपासून हा मुलगा लग्नाच्या हॉलवर वाढपी म्हणून रात्र-रात्र उभा राहिलेला असतो. सुटीत त्याने बांधकामावर हजेरी भरलेली असते, ठेकेदाराच्या गाडीवर कचरा उचललेला असतो. मुलीने आईबरोबर चार घरची धुणीभांडी करून पदवी घेतलेली असते. तरीही टेबलासमोर बसताच ही सारी वर्षे कोरी होतात. ती कोणी पुसली, याचा विचार समाजाने केला पाहिजे.

पोरांना लाज वाटते, एवढे म्हणून भागणार नाही. ही लाज त्यांच्या मनात आपोआप उगवलेली नाही, ती जातिव्यवस्थेने पेरलेली आहे. दुकानदाराच्या मुलाने सुटीत गल्ला सांभाळला तर तो 'व्यवसायाचा अनुभव' ठरतो. सफाई कामगाराच्या मुलाने आजारी बापाच्या जागी पाळी केली तर ते त्याचे 'बॅकग्राउंड' ठरते. काम दोघांनीही केले. मग एकाच्या कामाला मान आणि दुसऱ्याच्या कामाला वास, हा कुठला न्याय?

मुलांची भीतीही निराधार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांकडे सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. फरक फक्त नावांत होता. दलित नावांच्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले की, तोंडाने 'मेरिट' म्हणणारे हेच अधिकारी मुलाखतीत उमेदवाराच्या घराण्याची चौकशी करतात. ही दोन्ही संशोधने २००७ साली प्रसिद्ध झाली. "वडील काय करतात? राहता कुठे?" हे प्रश्न नेहमीच सहज विचारलेले नसतात.

न्यायालयापुढेही हा विषय येऊन गेला आहे. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशाच्या मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्या आणि आईवडील, राहण्याचे ठिकाण असे प्रश्न विचारले, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. १९८० च्या अजय हासिया निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा निवडीत मुलाखतीला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरवले आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण व्हावे, असेही सुचवले. पुढे १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने गट क, गट ड आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंद केल्या. पण आज आपली बहुसंख्य मुले जातात ती खासगी नोकरीच्या दारात. तिथे संविधानाचे कलम १६ पोहोचत नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरीत आडकाठी करणे हा गुन्हा आहे खरा, पण बंद खोलीत काय बोलले गेले याचा पुरावा आणायचा कुठून? वकिलीत ही अडचण पावलोपावली येते.

म्हणून मुलांनी स्वतःच्या कामाचा पुरावा हाती घेऊन आत जावे. "हॉलवर होतो" असे पडेल आवाजात सांगू नका. किती पाहुण्यांची पंगत होती, हाताखाली किती मुले होती, सामानाचा हिशेब कोण ठेवत होते, वाद झाला तर कोण मिटवत होते, हे आकड्यांसह सांगा. चार घरची कामे वेळेवर उरकून कॉलेज गाठणाऱ्या मुलीला वेळेचे नियोजन कोणी शिकवायचे? तिने ते तसेच सांगावे. वडिलांविषयी विचारले तर एका वाक्यात खरे उत्तर द्या आणि लगेच आपल्या कामाकडे वळा. जात सांगण्याची तिथे सक्ती नाही. मात्र खोटे अनुभवपत्र कधीही जोडू नका. ते उघडकीस आले तर नोकरी जाते आणि फौजदारी गुन्हाही मागे लागू शकतो.

आता कागदाविषयी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. या संहितांनी कामगारांचे काय हिरावले, त्यावर लढा द्यावाच लागेल. पण त्यांतील जे कामाचे आहे ते सोडू नये. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनुसार, ती लागू असलेल्या आस्थापनेत नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. या संहितेतील कंत्राटी कामगारांच्या तरतुदी पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तिथे लागू होतात. तिथे कामगाराने मागितल्यास ठेकेदाराने केलेल्या कामाचे अनुभव प्रमाणपत्र दिले पाहिजे. लक्षात घ्या, मागितल्यास! ते आपणहून कोणी घरी आणून देणार नाही. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर यूएएन क्रमांकावर नोकऱ्यांची नोंद पाहता येते, ती काढून ठेवा. हॉलवाला किंवा घरमालकीण यांच्याकडून कामाच्या तारखांसह चार ओळी सहीनिशी लिहून घ्या. मोबाइलवर आलेल्या मजुरीच्या नोंदी पुसू नका.

आपल्यातील जे अधिकारी झाले, जे आज निवड समितीच्या खुर्चीत बसतात, त्यांचीही जबाबदारी आहे. समोरच्या मुलाला गाव आणि आडनाव विचारले जात असताना त्यांनी गप्प बसू नये. "कामाविषयी विचारू या," एवढे एक वाक्य पुरेसे असते. आणि विहारांनी रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास मुलाखतीच्या सरावाला द्यावा. आपण केलेले काम चारचौघांत मोठ्याने सांगण्याची सवय आधी आपल्याच माणसांत लागली पाहिजे. तेथे जो मुलगा "मी तीन वर्षे कचरागाडीवर काम करून बी. कॉम. झालो" असे मान वर करून सांगेल, तो साहेबापुढेही मान खाली घालणार नाही.

जयभीम!