निविदेत नुसते 'जीआय' नको, जस्ताचे वजन लिहा



कोकणपट्टीत पावसाळा सरला की जेट्ट्यांचे कठडे, दिव्यांचे खांब, बसथांब्यांच्या चौकटी खरवडून त्यांवर रेड ऑक्साइड आणि वरून चंदेरी रंग मारला जातो. पुढचा मिरग येईतो रंगाला फोड येतात. ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांचा हा खर्च बराचसा वाचू शकतो. दोष मुळात निविदेत आहे.

निविदेत बहुधा 'जीआय', म्हणजे जस्ताचा लेप दिलेले लोखंड, एवढेच लिहिलेले असते. मग ठेकेदार जस्त चढवलेला तयार पत्रा आणतो, कापतो, भोके पाडतो, वेल्डिंग करतो. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते आणि गंज तिथूनच धरतो. मुळात त्या पत्र्यावर जस्त असते तरी किती? आयएस 277 या भारतीय मानकातील 120 प्रतीच्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 120 ग्रॅम, म्हणजे एका बाजूला जेमतेम 8 मायक्रॉन. उलट कापणे, जोडणे सगळे आटोपल्यावर अख्खा सांगाडा सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवला, तर 5 मिलिमीटर किंवा त्याहून जाड पोलादावर आयएस 4759 प्रमाणे चौरस मीटरला 610 ग्रॅम जस्त बसलेच पाहिजे. हा थर सुमारे 85 मायक्रॉनचा होतो. जस्त आणि लोखंड यांचा तिथे मिश्रधातू बनत असल्याने तो रंगासारखा सोलवटत नाही. ओरखडा पडलाच तर आजूबाजूचे जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते.

आयएसओ 9223 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 'सी5' वर्गातल्या खाऱ्या, दमट हवेत जस्त वर्षाला 4.2 ते 8.4 मायक्रॉन झिजते. म्हणजे पातळ लेपाचे आयुष्य एक-दोन वर्षे, जाड लेपाचे दहा ते वीस. लाटांचे तुषार थेट बसतात तिथे जस्तावर योग्य रंगही द्यावा. माळरानांवरून गेलेले विजेचे उंच मनोरे असेच जस्तात बुडवलेले असतात. तिथे जे चालते ते समुद्रकाठच्या खांबाला का नको?

पर्यावरणाच्या दृष्टीने मला हे अधिक महत्त्वाचे वाटते. कोळशाच्या भट्टीत एक टन पोलाद बनताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. खांब अकाली भंगारात गेला की त्याच्या जागी नवे पोलाद आलेच. शिवाय रंगातील द्रावणे हवेत उडतात आणि खरवडलेले पोपडे खाडीत पडतात. जस्ताचा लेप असलेले भंगार मात्र पुन्हा वितळवता येते आणि भट्टीच्या धुळीतून जस्तही परत मिळवता येते.

लोखंड साफ करायला आम्ल लागते, ते ओढ्यात सोडले तर या साऱ्या फायद्यावर पाणी पडेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच वापरलेल्या आम्लाची नियमानुसार विल्हेवाट लावणाऱ्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असलेल्या कारखान्यालाच काम द्यावे. सुरुवातीचा दर जास्त पडतो हेही खरे. पण तुलना वीस वर्षांच्या खर्चाशी व्हावी.

तेव्हा निविदेत मानकाचा क्रमांक, जस्ताचे वजन आणि 'जोडणीनंतर बुडवणे' ही अट स्पष्ट असावी. पोकळ नळ्यांत जस्त आत शिरून बाहेर यावे यासाठी भोकांच्या जागा आराखड्यातच दाखवाव्यात. लेपाची जाडी चुंबकीय मापकाने जागेवरच काही मिनिटांत मोजता येते. ती मोजमाप पुस्तिकेत नोंदवल्याखेरीज ठेकेदाराचे बिल मंजूर होऊ नये.

– एक वाचक, देवगड