दारातला पाचवा हुक

आमच्या वन-बीएचकेच्या दारात जेमतेम तीन फूट भिंत. तिथंच हेल्मेट, छत्री, लॅपटॉप बॅगांचा ढीग! शेवटी एका वीकेंडला सागवानी पट्टी आणली. वर नक्षीची बॉर्डर, खाली चार पितळी हुक. नुसत्या प्लास्टरवर भरवसा नको, म्हणून ड्रिल थेट विटेपर्यंत. मग प्लग आणि स्क्रू. लुक एकदम झकास!

पुढच्याच आठवड्यात परभणीकडच्या बोरीहून बाबा आले. टोपी हातात धरून म्हणाले, ‘माझी खुंटी कुठली रे?’ चारही हुक आमच्याच सामानानं भरलेले.

बोरीच्या आमच्या जुन्या घरात खुंट्या भिंत बांधतानाच आत घेतलेल्या. दाराजवळची एक कायम रिकामी, येणाऱ्यासाठी.

पाचवा हुक लावलाय. तुम्हीही मोजताना एक जास्तच धरा!